शेवटचे बारा मिलिमीटर: परत बसताना अडलेल्या एका स्टर्नड्राइव्हचे प्रकरण

स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीतल्या इंजिनाची ताकद प्रोपेलरला पोचवणारे मागच्या बाजूचे युनिट, काढायला फारसा वेळ लागत नाही. सहा नट, ट्रिम सिलिंडरच्या मागच्या पिना, थोडे हलवून मागे ओढणे, की युनिट बाहेर. बसवण्याचे काम मात्र कधी पंधरा मिनिटांत उरकते, तर कधी अख्खा दिवस घेते. असा दिवस गेला की त्यातला बराचसा वेळ एकाच जागी जातो: युनिट जवळजवळ बसलेले असते, पण बेल हाउसिंगच्या, म्हणजे बोटीच्या मागे ज्या घरावर ड्राइव्ह बसते त्याच्या, तोंडापासून बोटभर अंतरावर थांबते आणि पुढे सरकत नाही. इथे एकच प्रसंग सविस्तर घेतला आहे, कारण त्यात तीन वेगवेगळी कारणे एकामागून एक आडवी येतात आणि प्रत्येक कारणाची खूण वेगळी आहे.

परिस्थिती

साधारण सहा मीटर लांबीची फायबरग्लासची बोट, आत ४.३ लिटरचे व्ही-६ पेट्रोल इंजिन आणि मागे मर्क्रूझर अल्फा वन जनरेशन टू ड्राइव्ह. प्रोपेलर नेहमीचा, म्हणजे उजव्या फिरतीचा. ड्राइव्ह उतरवले ते देखभालीसाठी. यूजॉइंटचे (शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्याचे) बेलोज, म्हणजे घड्यांची रबरी नळी, एक्झॉस्टचे बेलोज आणि शिफ्ट केबलचे छोटे बेलोज बदलायचे होते, सोबत गिंबल बेअरिंग (ड्राइव्हचा शाफ्ट ज्यातून आत जातो ते) आणि पाण्याच्या पंपाचा इंपेलर. शिफ्ट केबलचे बेलोज बदलायला बेल हाउसिंग बाहेर काढावे लागले, त्यामुळे शिफ्ट केबलही इंजिनाच्या बाजूने सोडवून पुन्हा जोडलेली. इंजिनाला कोणी हात लावला नव्हता. म्हणून अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्हचा शाफ्ट एका रेषेत असणे, 'होती तशीच असणार' असे धरून चालले गेले. पुढच्या त्रासाचे मूळ या गृहीतकात आहे.

जुन्या बेअरिंगने खरे तर आधीच सांगून ठेवले होते. हाताने फिरवल्यावर ते खरखरत होते, आतल्या कड्यावर गंजाचा पट्टा होता आणि यूजॉइंटच्या बेलोजमध्ये चमचाभर तपकिरी पाणी होते. बेलोजच्या घडीत चीर पडली की पाणी आधी आत साचते, मग बेअरिंगमध्ये शिरते आणि शेवटी यूजॉइंटच्या बेअरिंगमधल्या सुया खाते. हा क्रम बहुतेक बोटींत सारखाच असतो. पण इथे कपलरच्या (इंजिनाच्या टोकाला शाफ्ट पकडणाऱ्या भागाच्या) स्प्लाइनवरही, म्हणजे आतल्या लांब दातांवरही, एका बाजूला झीज चमकत होती. त्या चमकेकडे लक्ष गेले नाही. पाण्यामुळे गंज येतो. एकाच बाजूची झीज पाण्याने होत नाही, ती शाफ्ट तिरका चालल्याने होते.

बसवण्याआधीची तयारी, जी बरोबर झाली

बेल हाउसिंगच्या तोंडावरचा जुना गास्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढला. तोंड अॅल्युमिनियमचे असते. लोखंडी पात्याची एक ओळ पडली तरी पाणी किंवा तेल तिथून वाट काढते. नवा गास्केट कोरडाच लावला, त्यावर सीलंट नाही. पाण्याच्या मार्गावरची रबरी सील नवी घातली. अल्फामध्ये पाण्याचा पंप ड्राइव्हच्या आत असतो आणि पाणी याच जोडातून इंजिनाकडे जाते. ही सील विसरली किंवा तिरकी बसली, तर नवा इंपेलर असूनही इंजिन तापते आणि दोष मात्र पंपाला दिला जातो.

यूजॉइंट शाफ्टवरच्या ओ-रिंग नव्या घातल्या आणि त्यांना टू-फोर-सी जातीचे सागरी ग्रीस लावले. स्प्लाइनला कपलरसाठीचे स्प्लाइन ग्रीस, पातळ थराने, खोबणी भरतील इतकेच. ढीगभर लावले तर ते पुढे ढकलले जाऊन कपलरच्या पोकळीत दाबून बसते आणि शाफ्ट शेवटच्या टप्प्यात त्यावरच अडतो. बेअरिंगच्या आतल्या कड्यालाही हलका हात दिला. कोरडी ओ-रिंग बेअरिंगमध्ये शिरताना गुंडाळली जाते आणि कापली जाते. ती कापल्याचे बसवताना कळत नाही, पुढच्या हंगामात बेअरिंगवर गंज दिसला की कळते.

नवे गिंबल बेअरिंग ठोकताना बाहेरच्या कड्याची फट ग्रीसच्या भोकासमोर ठेवली. ग्रीस भरायचे बेअरिंग असेल तर हे विसरून चालत नाही. नाहीतर बाहेरून कितीही पंप मारले तरी ग्रीस आत पोचत नाही. हे बेअरिंग त्याच्या गोलाकार बैठकीत थोडे डोलू शकते. शाफ्टची दिशा थोडीफार इकडेतिकडे झाली तर ते जुळवून घेते. पण याच डोलण्यामुळे ठोकल्यानंतर त्याचे तोंड कुठल्याही कोनात राहू शकते. म्हणून ड्राइव्ह लावण्याआधी अलाइनमेंट बार (शाफ्टच्याच मापाची सळई) घालून बेअरिंगचे तोंड कपलरकडे वळवायचे असते. तेवढ्यासाठी जाड लोखंडी सळई वापरून काम उरकणारेही असतात. इथे बार घातलाच नाही.

पहिला अडथळा: पाच सेंटिमीटरवर

ड्राइव्ह जॅकवर घेऊन आणले. बेल हाउसिंग सरळ मागे, डावी-उजवी न वळवता धरले होते. रिमोट लिव्हर (चालकाजवळचा गियरचा दांडा) 'पुढे' या गियरमध्ये आणि ड्राइव्हही 'पुढे' गियरमध्ये. अल्फा बसवताना दोन्ही 'पुढे' ठेवायचे, ब्राव्हो मालिकेत दोन्ही न्यूट्रलमध्ये. हा फरक पाठ असायला हवा, कारण चुकीच्या गियरमध्ये बसवलेले युनिट कधी कधी बसतेही आणि मग गियर उलटे किंवा अर्धवट लागतात.

शाफ्ट बेलोजमधून, बेअरिंगमधून गेला आणि सुमारे पाच सेंटिमीटर अंतर राहिले असताना ठक्क करून थांबला. आवाज लोखंडावर लोखंड आपटल्याचा, थांबणे टणक. याचा अर्थ साधा आहे: शाफ्टच्या स्प्लाइनचे दात कपलरच्या दातांवर टेकले आहेत. इथे जोर लावण्याचा प्रश्नच नसतो. ड्राइव्ह गियरमध्ये असल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट फिरवला की यूजॉइंट शाफ्टही फिरतो. तो घड्याळाच्या उलट दिशेने अगदी थोडा, एखाद्या दाताइतका फिरवत पुढे हलका दाब ठेवायचा, की दात आपोआप खोबणीत उतरतात. यासाठी प्रोपेलर लावायची गरज नाही. शाफ्टवर दोन नट एकमेकांवर आवळून पाना लावला तरी चालते.

त्याऐवजी या प्रसंगात स्टार्टर एक झटका मारून इंजिन थोडे फिरवण्याचा मार्ग घेतला. तो घेऊ नये. ड्राइव्ह जॅकवर, अर्धे आत, एकाचे हात स्टडजवळ (नट चढतात त्या दांड्यांजवळ) आणि दुसरा चावीशी: हाताचे बोट चिरडायला किंवा युनिट जॅकवरून खाली यायला एक झटका पुरतो. शिवाय दात अचानक जुळले आणि ड्राइव्ह गियरमध्ये असले, तर प्रोपेलर शाफ्ट फिरू लागतो. इंजिन फिरवायचेच असेल तर इग्निशन बंद करून, बॅटरीची तार काढून, स्पार्क प्लग काढून, क्रँकच्या पुलीवरच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवावे.

सुदैवाने इजा झाली नाही, पण झटक्याने एक गोष्ट मागे सोडली. स्टार्टर फक्त न्यूट्रलमध्ये चालतो, त्यासाठी रिमोट लिव्हर न्यूट्रलला आणला गेला आणि तिथेच राहिला.

दुसरा अडथळा: पंचवीस मिलिमीटरवर

दात जुळले, युनिट सरकले आणि सुमारे पंचवीस मिलिमीटरवर पुन्हा थांबले. या वेळी आवाज नाही. थांबणे टणकच, पण ड्राइव्ह किंचित डावी-उजवीकडे हलवता येत होते आणि प्रोपेलर शाफ्ट फिरवून काहीच फरक पडत नव्हता. ही दुसरी खूण महत्त्वाची. स्प्लाइनचा दोष असेल तर शाफ्ट फिरवल्याने फरक पडतो. फरक पडत नाही म्हणजे अडथळा शाफ्टच्या वाटेत नाही, दुसरीकडे आहे.

अल्फामध्ये बेल हाउसिंगच्या शिफ्ट शाफ्टचे टोक ड्राइव्हमधल्या शिफ्ट शाफ्टच्या खाचेत सरकत जाते. दोन्ही 'पुढे' गियरमध्ये असतील तेव्हाच खाच सरळ पुढे-मागे असते आणि टोक तिच्यात जाते. बेल हाउसिंगकडचा लिव्हर न्यूट्रलमध्ये वळलेला राहिला, की तो खाचेच्या भिंतीवर टेकतो. तेव्हा नट आवळून ओढले तर वाकतो तो शिफ्टचा दुवा. पुढे महिनोन्महिने गियर अडखळते, इंजिन गियर काढताना बंद पडते आणि लोक केबल बदलत बसतात.

युनिट आठ-दहा सेंटिमीटर मागे घेतले. टॉर्चने पाहिल्यावर लिव्हर तिरका दिसला. रिमोट 'पुढे' केल्यावर तो सरळ झाला. ड्राइव्हच्या बाजूची खाचही बोटाने तपासली. जॅकवर हलवाहलवीत ती सरकते. शिफ्ट शाफ्ट फिरवत असताना प्रोपेलर शाफ्ट थोडा मागे-पुढे फिरवला तरच डॉग क्लच (गियर गुंतवणारा दातेरी भाग) पूर्ण गुंततो, नुसते ओढून गियर लागत नाही. एका तासाचा हा घोळ दहा सेकंदांच्या नजरेने वाचला असता. म्हणून युनिट उचलण्याआधी रिमोटवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लावावी. साधी गोष्ट आहे, पण उपयोगी पडते.

तिसरा अडथळा: शेवटचे बारा मिलिमीटर

आता युनिट सहज सरकले आणि बारा मिलिमीटरवर मंदावत मंदावत थांबले. फरक इथे आहे. पहिले दोन्ही अडथळे अचानक आले होते. हा हळूहळू वाढत गेला, जणू शाफ्ट घट्ट होत चाललेल्या भोकात जात होता. रबराने अडवले असते तर दाबल्यावर थोडे दबले असते आणि सोडल्यावर मागे आले असते. ओ-रिंग बेअरिंगमध्ये शिरताना तसे होते आणि हाताच्या जोराने ते ओलांडता येते. इथे मात्र दाब वाढवला तरी मिलिमीटरही हलेना, आणि मागे ओढताना तेवढाच जोर लागला.

स्टडची टोके बाहेर आली होती, नट चढण्याइतकी. बहुतेक नुकसान याच क्षणी होते. सहा नट लावून थोडेथोडे आवळले की युनिट बसतेच. पण ते बसते, कारण काहीतरी वाकते, झिजते किंवा दबते. तिरक्या शाफ्टचा भार बेअरिंगच्या एका बाजूवर येतो आणि कपलरच्या दातांच्या एका कडेवर. कपलरच्या आत इंजिनाचे झटके सोसायला रबर चिकटवलेले असते. ते प्रत्येक फेरीत एका बाजूला ओढले जाते आणि काही दिवसांत सुटते. मग कपलर बदलायचा म्हणजे इंजिन बाहेर काढायचे, दुसरा मार्ग नाही. काही वेळा बेल हाउसिंगचा किंवा ड्राइव्हच्या कानाचा अॅल्युमिनियम तडकतो. नट हे युनिट जागेवर धरून ठेवण्यासाठी आहेत, जागेवर आणण्यासाठी नाहीत. नीट बसणारे युनिट दोन माणसांच्या हातांनी तोंडाला तोंड भिडते. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर गास्केट दाबण्यापुरते नटांनी येतात, तेवढीच मुभा.

या प्रसंगात दोन नट चढवून अर्धी फेरी आवळलेही होते, मग थांबले. ते थांबणे योग्य होते. युनिट काढल्यावर एक ओ-रिंग एका जागी सपाट झालेली आणि गास्केटची कड दुमडलेली निघाली. दोन्ही टाकून दिले, पुन्हा वापरले नाहीत.

बार काय सांगतो

अलाइनमेंट बार म्हणजे शाफ्टच्याच मापाची सळई, टोकाला गुळगुळीत भाग, कपलरच्या आत जाईल असा. त्या टोकाला पातळ ग्रीस लावून तो बेअरिंगमधून आत सरकवायचा. नियम एवढाच: तो दोन बोटांच्या जोराने पूर्ण आत जायला हवा आणि तसाच बाहेर यायला हवा. तळहाताने ढकलावा लागला तर अलाइनमेंट चुकली आहे.

आधी बेअरिंगचे तोंड सरळ करायचे. बार अर्धा आत असताना बाहेरच्या टोकावर वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून रबरी हातोडीने हलके ठोके देतात, मग बेअरिंग आपल्या बैठकीत फिरून शाफ्टच्या रेषेत येते. हे केल्याशिवाय मिळालेल्या निकालावर विश्वास ठेवू नये. कितीतरी इंजिने बेअरिंगच्या दोषासाठी उगाच उचलली जातात.

इथे ठोके दिल्यावर बार कपलरच्या तोंडापर्यंत गेला, आत मात्र जोर लावूनच शिरला. बाहेर काढल्यावर ग्रीसमध्ये कपलरच्या दातांच्या खुणा दिसल्या, पण सगळीकडे नाहीत. वरच्या अर्ध्या भागात खोल, खाली जवळजवळ नाहीत. बरोबर जुळलेल्या इंजिनात खुणा चौफेर सारख्या उमटतात. कपलर चार जागी, पाव-पाव फेरी फिरवून, हीच तपासणी केली. प्रत्येक वेळी खूण वरच्याच बाजूला आली. हे पाहणे आवश्यक आहे. खूण कपलरबरोबर फिरत गेली असती तर कपलर स्वतः वाकडा किंवा सैल ठरला असता आणि इंजिनाचा पाया फिरवून काही उपयोग झाला नसता. खूण एकाच जागी राहिली, म्हणजे कपलर चांगला, इंजिनाची उंची चुकीची.

कारण शोधायला वेळ लागला नाही. इंजिन मागे ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या, आतल्या पट्टीला दोन ठिकाणी पक्के असते आणि पुढे दोन माउंटवर उभे असते. मागची जागा ठरलेली, उंची बदलते ती पुढची. पुढच्या माउंटांचे रबर वर्षानुवर्षे दबत जाते, तेल सांडले तर आणखी लवकर. इंजिनाला हात लावला नव्हता हे खरे, पण इंजिन आपण होऊन खाली बसले होते. जुने बेअरिंग खराब झाले त्यात पाण्याबरोबर या तिरकेपणाचाही वाटा असणार, कपलरवरची एका बाजूची झीज तेच सांगत होती. जुना शाफ्ट आणि जुने बेअरिंग एकमेकांच्या झिजेत सामावून गेले होते, म्हणून काढताना अडले नाही. नव्या बेअरिंगने तेवढी ढिलाई दिली नाही.

इंजिन जुळवणे

माउंटवर मधला स्टड, त्यावर वरचा लॉक नट आणि खाली उंची ठरवणारा नट असतो. दोन्ही बाजूंचे लॉक नट सोडले आणि उंचीचे नट अर्धी-अर्धी फेरी, दोन्ही बाजूंना सारखेच फिरवले. दर वेळी बार पुसून, नवा ग्रीसचा थर देऊन, पुन्हा खूण पाहिली. पहिल्या अर्ध्या फेरीनंतर खूण फिकी झाली तर दिशा बरोबर. जास्त खोल झाली तर उलट दिशेने जायचे. हिशेब करत बसण्यापेक्षा ही पद्धत जलद आणि विश्वासार्ह आहे.

अडीच फेऱ्यांत खुणा चौफेर आल्या आणि बार दोन बोटांनी आत-बाहेर जाऊ लागला. मग लॉक नट आवळून पुन्हा बार घातला. आवळताना इंजिन थोडे हलते, म्हणून शेवटची तपासणी आवळल्यानंतरचीच धरायची. इथे एक पाव फेरी परत द्यावी लागली.

दोन गोष्टी मुद्दाम पाहिल्या. एक, माउंटचे बोल्ट लाकडी कण्यात घट्ट आहेत का. आवळताना बोल्ट नुसताच फिरत राहिला तर आतले लाकूड कुजले आहे, आणि तिथे उंची जुळवणे तात्पुरते ठरते. पहिल्याच लाटांत ती बदलेल. इथे बोल्ट पक्के होते. दोन, बोट ट्रेलरवर कशी टेकली आहे. टेकू चुकीच्या जागी असले तर मागची बाजू किंचित लवते आणि बार चुकीची माहिती देतो. आडवी, म्हणजे डावी-उजवीची चूक असती तर मात्र पुढच्या माउंटला हात लावण्याआधी बेअरिंग पूर्ण ठोकले गेले आहे का आणि मागचे माउंट सैल तर नाहीत हे पाहावे लागले असते.

पुन्हा बसवणे

ओ-रिंग, गास्केट आणि पाण्याची सील पुन्हा नवी. बेल हाउसिंग सरळ, जॅक अशा उंचीवर की ड्राइव्हचा शाफ्ट आणि बेअरिंग एका रेषेत. शाफ्ट आत जाताना बेलोजच्या घडीला टोकाने ओरखडा बसू नये म्हणून एक हात शाफ्टखाली. दात टेकल्यावर प्रोपेलर शाफ्ट थोडा उलट फिरवला, जुळले. खाच जुळली. ओ-रिंगचा रबरी विरोध जाणवला, हाताच्या जोराने ओलांडला आणि युनिट दोन मिलिमीटरवर येऊन थांबले. हे थांबणे गास्केटचे.

वॉशर आणि नट चढवले. बोटांनी बसतील तितके, मग समोरासमोरच्या क्रमाने तीन टप्प्यांत ५० फूट-पाउंड, म्हणजे ६८ न्यूटन-मीटर. एका बाजूचे दोन नट पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेले तर गास्केट एका कडेला चिमटले जाते.

ट्रिम सिलिंडर जोडताना प्लास्टिकच्या बुशिंगचा आणि वॉशरचा क्रम काढतानाच्या फोटोवरून घेतला. सिलिंडर लोंबकळत असताना ट्रिमचे बटण दाबू नये. दांडा बाहेर येऊन होजला ओढ देतो. जोडल्यावर ड्राइव्ह पूर्ण खाली आणून ट्रिम पंपातल्या तेलाची पातळी पाहिली, मग पूर्ण वर-खाली आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तिन्ही बेलोजच्या घड्या टॉर्चने तपासल्या. कुठली घडी दबलेली किंवा क्लॅम्पच्या स्क्रूला घासत नाही, हे प्रत्येक टोकाला जाऊन पाहिले. शिफ्ट केबलचे बेलोज आकाराने छोटे म्हणून दुर्लक्षित राहते, पण ते फाटले तर पाणी सरळ बोटीच्या तळाशी येते.

तेल भरणे

गियर तेल नेहमी खालच्या भोकातून भरावे. वरून ओतले की हवा अडकते आणि वरचे गियर कोरडे राहते. पंप खालच्या भोकाला लावून, वरच्या भोकातून बुडबुडे न येता सलग तेल येईपर्यंत भरायचे. मग वरचा प्लग आधी बंद, त्यानंतर पंप काढून खालचा प्लग पटकन. वरचा बंद असल्यामुळे निर्वाताने तेल फार गळत नाही. दोन्ही प्लगचे वॉशर नवे. मॉनिटर बाटलीसह (ड्राइव्हच्या तेलाची पातळी दाखवणारी बोटीतली बाटली) अल्फा वनला सुमारे १.९ लिटर तेल लागते. याहून बरेच कमी बसले तर आत हवा आहे. प्लगच्या चुंबकावर लोखंडी पूड मऊ लगद्यासारखी असेल तर चालते. कणी किंवा चिपा दिसल्या तर युनिट पुन्हा उघडायचे.

सुरू करून पाहणे

ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या भोकांवर रबरी वाट्या लावून, नळ सोडून, त्यानंतरच इंजिन सुरू केले. कोरडे चालवल्यास इंपेलरची पाती काही सेकंदांतच जळू लागतात. इंजिन फक्त आयडलवर. तापमान हळूहळू चढून ७१ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर झाले, जे या इंजिनाच्या थर्मोस्टॅटला शोभणारे आहे. प्रोपेलर काढलेला असताना गियर पुढे, न्यूट्रल, मागे असे चार-पाच वेळा बदलून पाहिले. प्रत्येक वेळी स्वच्छ 'टक', घरघर नाही, आणि न्यूट्रलला आणताना इंजिन बंद पडले नाही. प्रोपेलर नंतर बसवला: शाफ्टवर ग्रीस, टॅब वॉशर आणि नटाला ५५ फूट-पाउंड, म्हणजे ७५ न्यूटन-मीटर.

आवाज ऐकण्याला आपला वेळ द्यावा. सरळ चालताना सतत गुरगुर येत असेल तर ती गिंबल बेअरिंगची. वळवताना किंवा ड्राइव्ह वर ट्रिम केल्यावर टकटक वाढत असेल तर यूजॉइंट. दोन्ही ऐकताना ट्रान्समला हात टेकवला की कानाआधी हाताला कळते.

पाण्यात सोडल्यावर पहिली पंधरा मिनिटे धक्क्यालाच बांधून, तळाचे झाकण उघडे ठेवून फ्लायव्हीलच्या घराखाली आणि शिफ्ट केबल आत येते तिथे पाणी पाहिले. कोरडे. मग तासभर चालवून परत आल्यावर मॉनिटर बाटलीतली पातळी थोडी खाली गेली होती. आत अडकलेली हवा निघून गेली की असे होते. एकदा भरून पुढच्या फेरीत तीच पातळी राहिली. पातळी दर वेळी खाली जात राहिली असती, किंवा तेल दुधाळ दिसले असते, तर युनिट काढून सुमारे १० पीएसआयच्या हवेचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती शोधावी लागली असती.

बोट रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी तळ कोरडा होता. दहा तास चालवल्यानंतर पुढच्या माउंटांचे लॉक नट आणि ड्राइव्हचे सहा नट पुन्हा तपासायचे ठरले. नव्या गास्केटखाली नट पहिल्या तासांत थोडे सैल होतात. आणि पुढच्या हंगामात ड्राइव्ह उतरेल तेव्हा, इंजिनाला कोणी हात लावला असो वा नसो, पहिला बार आत जाईल.